तुरीत दुर्बीण पडली तर

"बाई, आमच्या तुरीत दुर्बीण पडली तर ती कुणाची?"

कंपाउंडच्या भिंतीवरून आधी आक्कांचा प्रश्न आला, मग शेंगांनी भरलेलं सूप आलं. सूप भिंतीवर टेकलं की तासभर हलायचं नाही, हा आमच्या गल्लीतला न लिहिलेला करार आहे. मी खुर्ची ओढली आणि ओंजळभर शेंगा माझ्याकडे घेतल्या.

"अजून पडली तर नाही ना? बाजारात तुरी..."

"बाजारात कशाला? रानात उभ्या हायत की! काढायच्या राहिल्यात आन् पेपरात ह्ये आलंय. लातूर जिल्हा, नांदेड जिल्हा, दोन्ही नावं घालून. आता अहमदपूर काय दोन्हीच्या बाहेर हाय का?"

ती जाहिरात माझ्या ओळखीची. थंडी पडली की अधूनमधून येते. हैद्राबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, मोठे फुगे सुटणार असतात. फुगा पातळ प्लॅस्टिकचा, व्यास ५० ते ८५ मीटर, आत हायड्रोजन. रात्री किंवा पहाटे सोडायचा, ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर काही तास ठेवायचा आणि काम झालं की खालची यंत्रं रंगीत पॅराशूटला लटकत जमिनीवर उतरवायची. कुठे? तर हैद्राबादपासून २०० ते ३५० किलोमीटरच्या टापूत, विशाखापट्टण-हैद्राबाद-सोलापूर या रेघेच्या अल्याडपल्याड. आपण सरळ रेषेत दोनशेच्या थोडं पुढे. आक्कांची धास्ती अगदीच फुकटची नाही.

"मागं ते चंद्रपूरकडं लोखंडाचं कडं पडलं व्हतं की," आक्का म्हणाल्या. "रातचं जळत आलं म्हणं."

"ते २०२२ चं. सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला. ते रॉकेटचं होतं, चिनी रॉकेटचं असावं असं निघालं. त्यावर कुणाचा ताबा नव्हता. हे फुगेवाले मात्र दोर कापून, पॅराशूट उघडून सावकाश उतरवतात. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे विकाराबाद जिल्ह्यात असाच एक मोठा पांढरा गोळा शेतात उतरला. उडती तबकडी आली म्हणून गावंच्या गावं लोटली. बघतात तर आत कुणीच नाही. माणसांना फुग्यातून वर फिरवून आणायचा धंदा काढणारी एक स्पेनची कंपनी, तिच्या रिकाम्या केबिनची ती चाचणी होती."

"आन् दुर्बीण?"

"दुर्बीण दर वेळी नसते. पण त्यांची एक आहे, १०० सेंटीमीटर आरशाची. कित्येकदा वर जाऊन आली, कुठल्या कुठल्या रानात उतरली, नीट करून परत वर गेली."

"एवढं वर जाऊन बघायचं काय?"

"ढग."

पलीकडे ओसरीवर आबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच हसले. आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत शिकवून शिकवून बाईंचं डोकं फिरलं असावं. "ढगं तर खालीच राहिली की हो!"

"आपले खाली राहिले. हे वेगळे. तुम्ही तिकांडं बघितलंय ना, मृगाचं?"

तिकांडं माहीत नाही असं आमच्या भागात जुनं माणूस सापडायचं नाही. बाजलं, त्याचे तीन चोर आणि तिकांडं, एवढ्यावर रात्रीची वेळ काढणाऱ्या पिढीतल्या त्या. आजकाल डिसेंबरात रात्री दहानंतर गच्चीवर गेलं तर पूर्वेकडून चांगलं वर आलेलं असतं. तीन ठळक चांदण्या एका ओळीत. त्यांच्या खाली दक्षिणेला आणखी तीन बारीक लुकलुकतात. त्यांतली मधली चांदणी नीट पाहिली तर चांदणी नाहीच, धूसर डाग आहे. तो मृगातला तेजोमेघ, साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचा. आज दिसतो तो त्याचा उजेड निघाला तेव्हा आपल्या भागावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. आणि तो डाग म्हणजे नुसता दर्शनी भाग. खरा ढग त्याच्या मागे, काळा, डोळ्याला न दिसणारा. मोठे तारे जन्मतात ते तिथे.

"पाऊस पाडतंय का ते ढग?"

"नाही."

"मग आपल्याकडचंच म्हणा."

यावर काय बोलणार? पण पुढचं ऐकून त्याही थांबल्या. ढग म्हणतात खरं, पण एवढा विरळ की आपल्याकडे कुणी त्याला ढगच काय, हवाही म्हणणार नाही. या भिंतीवरच्या एका घनसेंटीमीटर हवेत अडीच लाख कोटी-कोटी रेणू आहेत. त्या ढगाच्या चांगल्या दाट गाभ्यात तेवढ्याच जागेत दहा लाख, फार तर काही कोटी. आपल्या प्रयोगशाळेत पंप लावून लावून एवढी पोकळी करायची म्हटलं तर घाम फुटतो. पण पसारा केवढा! डझनावारी प्रकाशवर्षं. म्हणून अशा एकेका मोठ्या ढगात हजारो-लाखो सूर्यांचा ऐवज साठलेला असतो. त्यात बहुतेक हायड्रोजनच. आणि थंडी उणे २६० अंशांची.

"मग तिथं काय व्हनार? गारठून बसत असंल सगळं."

हा प्रश्न मला कुठल्याही परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा सरस वाटला. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. कुठलीही क्रिया घ्या, परीक्षानळी आधी बर्नरवर धरायची. मग उणे २६० ला, कोटीकोटींनी कमी रेणूंत, तीनशेच्या वर जातींचे रेणू आले कुठून? आतापर्यंत ताऱ्यांमधल्या जागेत तेवढे ओळखलेत लोकांनी.

"आक्का, हायड्रोजनचे दोन अणू जवळ येतात. दोघांचीही तयारी असते, पण जमत नाही. जुळताना जी ऊर्जा सुटते ती कुणीतरी काढून न्यावी लागते. नेणारं कुणी नसलं की दोघं एकमेकांना आपटून परत फिरतात."

"मध्यस्थ नाई म्हणा."

"तोच नाही. आणि त्या पोकळीत तिसरा कुणी ऐन वेळी भेटेल याची आशाच नको. मग हे काम धूळ करते. म्हाताऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेली काजळी आणि वाळूच्या जातीचे बारीक कण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. एक अणू येऊन कणावर बसतो, दुसरा येतो, दोघं कणाच्या अंगावर फिरत फिरत गाठतात, जुळतात. सुटलेली ऊर्जा कण अंगावर घेतो आणि जोडपं उडून जातं."

"आन् मध्यस्थाला मागं कुणी इचारत नाई," आक्का ठसक्यात म्हणाल्या. गेल्या वर्षी त्यांनी जुळवलेल्या सोयरिकीत साडीचा मान चुकला होता. तो विषय तिथेच आवरता घेतला.

पण मला त्या धुळीबद्दल खरंच काहीतरी वाटतं. नागपूर-रत्नागिरी महामार्गाच्या कामात आपण वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, त्यामुळे धूळ म्हटलं की हात झटकायलाच जातो. त्या ढगात वजनाने शंभरातला एक भाग धूळ. तेवढी नसती तर हायड्रोजन सुटा राहिला असता. ढग थंड झाला नसता, कारण बाहेरचा उजेड अडवणारीही तीच. आणि ढग थंड नाही तर तो आवळत नाही, आवळला नाही तर तारा नाही.

नुसत्या धुळीवरही भागत नाही. अंतराळातून भन्नाट वेगाने येणारे कण, ज्यांना वैश्विक किरण म्हणतात, ते एखाद्या हायड्रोजन रेणूचा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. त्यातून तीन हायड्रोजनांचा, विद्युतभार असलेला आयन तयार होतो. पृथ्वीवर प्रयोगशाळेत तो ओळखीचा होता, ताऱ्यांमधल्या ढगांत सापडला १९९६ साली. त्याचा उद्योग एकच: भेटेल त्याच्या गळ्यात जास्तीचा प्रोटॉन मारायचा आणि मोकळं व्हायचं. कार्बन मोनॉक्साइडच्या मारला, नायट्रोजनच्या मारला. भार आला की तो रेणू दुसऱ्याला ओढतो, आणि असं ओढलं जायला उष्णता लागत नाही. म्हणून एवढ्या गारठ्यातही कारभार चालू.

"तुम्ही कार्बन कायतरी म्हणलाव. ते शेगडीचं का? बंद खोलीत शेगडी ठेवून मानसं जात्यात ते?"

"तेच. रेणूंत हायड्रोजनखालोखाल त्या ढगात तेच जास्त. फार गार झालं की तेही धुळीवर गोठून बसतं. वरून हायड्रोजन एकेक करत येतो आणि त्याला चिकटत जातो. दोन चिकटले की फॉर्मल्डिहाइड. कॉलेजात बरणीत साप बुडवून ठेवलेला बघितला असेल ना, त्या पाण्यात असतं ते. चार चिकटले की मिथेनॉल."

"म्हणजे?"

"विषारी दारू पिऊन माणसं दगावली असं वाचतो, त्यातलं विष."

पेपर दोन इंच खाली आला. आबांचा कान इकडे लागला होता.

"आणि पाणी?" आक्कांनी विचारलं.

"पाणी तर सगळ्यात आधी. ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटला की झालं. धुळीच्या कणावरचा बर्फ म्हणजे मुख्यतः पाण्याचाच. ढगाच्या ढग भरून आहे."

"तिकडं ढगाच्या ढग, आन् लातूरला मिरजंहून रेल्वेनं पानी." २०१६ ची ती रेल्वे आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. टँकरच्या नंबराची चिठ्ठी आक्कांच्या देवघरात मी स्वतः पाहिली आहे.

असा तो बर्फ लाखो वर्षं धुळीवर साचत राहतो. मग ढगाचा एखादा गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो आणि मध्ये तारा पेटू लागतो. आपल्या सूर्याएवढा असला तर प्रकरण शांतपणे पार पडतं. पण सूर्याच्या आठपट, वीसपट, चाळीसपट वस्तुमानाचा असला तर आजूबाजूला उलथापालथ. धूळ तापते, कणांवरचा बर्फ एकदम उडतो आणि इतकी वर्षं दडलेलं सगळं वायूत येतं. ज्योतिर्विद या जागेला तप्त गाभा म्हणतात. तप्त म्हणजे किती, तर पाण्याचा बर्फ त्या पोकळीत उडतो उणे १७० अंशांच्या आसपास. तिथून तप्त म्हणायला सुरुवात! आपल्या मे महिन्यातल्या ४३ अंशांना त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे.

या तप्त गाभ्यात जी दाटी असते ती पाहून रसायनशास्त्राच्या माणसाचा जीव हरखतो. फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगी चावल्यावर आग होते ते. अमोनिया. डायमिथिल ईथर. मिथिल फॉर्मेट. आणि इथेनॉल, म्हणजे आपली नेहमीची दारू. ती सापडली १९७५ साली, धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या मध्याजवळच्या एका प्रचंड ढगात. तिथून आपल्यापर्यंत उजेड यायलाच २६ हजार वर्षं लागतात.

"दारू?" आता पेपर पूर्ण खाली आला.

"आबा, हिशेब ऐका. अख्ख्या अहमदपूर तालुक्यावर किलोमीटरभर उंचीपर्यंत तो ढग आणून ठेवला आणि त्यातली सगळी दारू गोळा केली, तरी एक थेंब निघायचा नाही."

पेपर वर गेला.

२००९ साली त्याच ढगात इथिल फॉर्मेट सापडलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले की आकाशगंगेच्या मध्याला रास्पबेरीची चव आहे. हे मला पटत नाही. एक रेणू त्या फळाच्या स्वादात असतो, एवढ्यावरून चव ठरवायची म्हणजे मिठाच्या खड्यावरून आमटीची परीक्षा. आक्कांना रास्पबेरी म्हणजे बर्फाच्या गोळ्यावर ओततात तो लाल पाक, एवढंच ठाऊक, आणि मलाही फळ म्हणून ते कधी दिसलेलं नाही. पण त्या जातीच्या रेणूंचा वास मी ओळखते. बारावीच्या प्रात्यक्षिकात आम्ल आणि अल्कोहोल घेऊन त्यात सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकायचे, नळी गरम पाण्यात धरायची आणि सोड्याच्या पाण्यात ओतायची. एकदम पिकल्या फळाचा वास सुटतो आणि तोवर जांभया देणारी मागच्या बाकावरची पोरं टेबलाशी येतात. तीच क्रिया त्या ढगात तशीच होते असं नाही, तिथले रस्ते वेगळे. शिवाय फळाच्या वासाबरोबर तिथे अमोनिया आहे, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आहे आणि हायड्रोजन सायनाइडही आहे. हुंगायला गेलेला परत येऊन चव सांगायचा नाही.

त्या गंधकाची मात्र गंमत आहे. बर्फ उडाला की हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो, पुढे त्याचे सल्फर मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड होत जातात. कुठला किती शिल्लक आहे यावरून तारा पेटून किती काळ झाला ते काढता येईल, अशी कल्पना निघाली. घड्याळ म्हणून ते अजून बिनचूक चालत नाही, त्यावर तज्ज्ञांची आपसांत हमरीतुमरी आहे. पण जन्माचा दाखला नसलेल्या ताऱ्याचं वय गंधकावरून काढायला बसणं, ही मला फार देखणी खटपट वाटते.

"बाई, एक इचारू? तुम्ही ह्ये एवढं सांगायलाव, पण कुणी जाऊन आलंय का तिथं? नाई ना? मग हितं बसून ह्येंच्या घरात काय शिजायलंय ते कळतंय कसं?"

हे आक्कांनी विचारावं! गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे भिंतीआडून सांगणाऱ्या त्याच.

उत्तर तसं सोपं आहे. प्रत्येक रेणू स्वतःभोवती फिरतो, पण मन मानेल तसा नाही, ठरलेल्या पायऱ्यांनी. एका पायरीवरून खालच्या पायरीवर आला की ठरलेल्या लांबीची लहर सोडतो. अमोनियाची वेगळी, मिथेनॉलची वेगळी, एकाची दुसऱ्यासारखी नाही. आधी त्या लहरी प्रयोगशाळेत मोजून ठेवायच्या, मग आभाळातून त्याच येतात का ते पाहायचं. १९६८ साली अमोनिया असा सापडला, पुढच्याच वर्षी पाणी आणि फॉर्मल्डिहाइड. तोवर जाणकारांचा सूर असा होता की ताऱ्यांमधल्या पोकळीत दोन अणूंच्या वर काही टिकायचंच नाही. पाच-सात वर्षांत तो सूर पार बदलला.

"मग ह्ये बी हितूनच बघायचं. फुगा कामून?"

आता ती दुर्बीण. मोठा तारा बाहेर फेकतो तो अतिनील उजेड सगळं मोडत सुटतो. अगदी जवळच्या हायड्रोजनच्या अणूचे तो तुकडे करतो. त्यापलीकडे पोचतो तो उजेड जरा कमी ताकदीचा. त्याच्याने हायड्रोजन फुटत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड फुटतो आणि मोकळ्या झालेल्या कार्बनचा एक इलेक्ट्रॉन जातो. असा एक इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन १५८ मायक्रॉन लांबीची लहर सोडतो, मिलिमीटरचा साधारण सहावा भाग. सोडताना आजूबाजूच्या वायूची उष्णता घेऊन जातो. तापलेल्या ढगाला पुन्हा गार करायचं काम करणाऱ्यांत हा मुख्य. मोठ्या ताऱ्याने किती नासधूस केली आणि ढग त्यातून कसा सावरतोय, हे पाहायचं तर ही लहर पकडायला हवी.

आणि नेमकी हीच लहर आपल्या हवेतली पाण्याची वाफ गिळून टाकते. डोंगरावर गेलं तरी पुरत नाही. ३० किलोमीटरवर गेलं की ९९ टक्के हवा पायाखाली राहते. तिथे ही लहर दिसते. अमेरिका आणि जर्मनीने त्यासाठी जंबो जेट विमानाच्या पाठीत अडीच मीटरची दुर्बीण बसवली, ती २०२२ पर्यंत उडवली आणि खर्च सोसेना म्हणून बंद केली. टीआयएफआरने आपली मीटरभराची दुर्बीण प्लॅस्टिकच्या फुग्याला टांगली. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी १५८ मायक्रॉनवर लागणारा वर्णपटमापक बनवून दिला आणि दोघांनी मिळून मृगातल्या त्या ढगाचा मोठा नकाशा काढला. त्यावरचा शोधनिबंध २००३ साली छापून आला. मोठे तारे जन्मणाऱ्या दुसऱ्याही ढगांवर तीच जोडी पुढे काम करत राहिली. हायड्रोजनचा ढग पाहायला हायड्रोजनच्याच फुग्यातून जायचं, हे मला विशेष आवडलेलं.

"नारळीकर बी फुग्याचं कायतरी करायले व्हते ना?" आबा मध्येच म्हणाले. पेपर वाचणारा माणूस, लक्षात ठेवतो.

"होय. हैद्राबादच्याच फुग्यातून वरची हवा बाटल्यांत भरून आणवली. २००५ च्या फेरीत, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत, जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यांतल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलचं नाव दिलं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं."

"म्हणजे जीव वरून आला?"

"तसं हॉईल म्हणायचे. नारळीकर तपासून बघू म्हणायचे. मला विचाराल तर ढगात फॉर्मिक आम्ल सापडलं म्हणून कुणी तिथे मुंग्या शोधू नयेत. रेणू वेगळा, जिवाणू वेगळा." खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्याबद्दल बोलताना आबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या विज्ञानकथा आबांनी वाचनालयातून आणून आणून वाचलेल्या.

आक्कांना जिवाणूंत रस नव्हता. "ते ऱ्हाऊ द्या. पडली तर करायचं काय ते सांगा."

"हात लावायचा नाही. आत जास्त दाबाची वीज असू शकते, असं त्यांनीच लिहिलंय. पोलिसांना नाही तर पोस्टात कळवायचं, जाहिरातीत फोन नंबर असतो त्यावर सांगायचं. त्यांची माणसं येऊन घेऊन जातात. कळवणाऱ्याला बक्षीस आणि फोनाफोनीचा खर्च मिळतो. दुर्बीण त्यांची."

"आन् तुरी आमच्या. त्या तुडवल्या तर?"

"तेही त्याच फोनवर विचारा."

मला वाटतं, त्या जाहिरातीत आणखी एक ओळ घालावी. हात लावू नका, कळवा, एवढंच लिहिलं की माणूस घाबरतो नाही तर आत काय सापडतंय म्हणून उचकतो. 'ही दुर्बीण मृगात जन्मणारे तारे पाहून आली आहे' असं लिहिलं तर आमच्याकडची माणसं तिच्याभोवती रात्रभर राखण करतील. हुरड्याच्या शेताला करतात, तिला का नाही करणार? आरसा धड परत मिळाला तर पुढच्या हंगामात पुन्हा वर जातो. तो फुटला तर नुसत्या पैशाने भरून येत नाही, वर्षं जातात.

"आन् त्ये मोठे तारे, जगत्यात किती?"

"तिथेच खोट आहे. सूर्य ४६० कोटी वर्षांचा झाला, अजून तेवढाच जगेल. त्याच्या वीसपट असला तर एक कोटीच्या आसपास. जेवढा मोठा तेवढा उधळा. मृगातला तो तांबूस तारा बघा, आर्द्रा. वय एक कोटीच्या आतबाहेर आणि आताच शेवटाला आलाय. कधीतरी फुटणार. पुढच्या लाख वर्षांत म्हणतात, म्हणजे उद्याही फुटेल, नाही तर तुमच्या खापरपणतूच्या खापरपणतूलाही ते दिसायचं नाही. फुटला की आतला कार्बन, ऑक्सिजन, धूळ सगळं पुन्हा बाहेर, नव्या ढगात. मागे उरतो न्यूट्रॉन तारा, नाही तर कृष्णविवर. औंढ्याला होतंय ना ते, लायगो? दोन विवरं एकमेकांवर आदळली की त्याचा हादरा मोजणारं."

औंढा म्हणताच आक्कांची मान वर झाली. नणंदेचं गाव त्याच बाजूला. चार-चार किलोमीटरचे दोन हात, २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींची मंजुरी, हे सगळं त्यांना माझ्याआधी कळलेलं. शिवाय तिकडच्या जमिनीचा भाव, कुणी कधी विकली आणि कोण आता कपाळाला हात लावून बसलंय, हेही. पाच मिनिटं ते झालं. मग त्यांनी आपला हिशेब मांडला.

"म्हणजे बाळंतपन हैद्राबादवाल्यांनी बघायचं आन् मयत औंढ्यावाल्यांनी."

"मयत नाही, आक्का. मेल्यावर कधीतरी दोघांची गाठ पडते, ती औंढ्यावाल्यांनी."

"आन् मधलं?"

"मधलं खोडदला, नारायणगावापाशी. ४५-४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत. मोठा तारा पेटल्यावर भोवतीचा वायू फुटून जो फुगारा होतो तो त्यांना रेडिओत दिसतो. हैद्राबादच्या दुर्बिणीने पाहिलेले कितीतरी ढग टीआयएफआरच्याच लोकांनी तिथूनही पाहिलेत."

आक्का जरा वेळ गप्प होत्या. ही शांतता ताऱ्यांसाठी नव्हती, हे मला ठाऊक होतं. नातू लातूरला नीटच्या क्लासला आहे, दुसरं वर्ष.

"बाई, खरं सांगा. ते डाक्टरचं ऱ्हाऊ द्या. औंढ्याला पोराला चिकटवायचं म्हणलं तर काय शिकावं लागंल?"

"भौतिकशास्त्र. आणि गणित पक्कं पाहिजे."

"त्यानं गणित तर अकरावीलाच सोडलंय," ओसरीवरून आबा म्हणाले.